राजाला ‘थांबा’ कोण म्हणणार?

ओम्री नावाचा एक राजा होऊन गेला. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात त्याने उत्तरेकडच्या इस्राएल राज्यासाठी शोमरोन ही नवी राजधानी वसवली आणि शेजारचा मवाब देश टाचेखाली आणला. त्याच्या नावाचा दबदबा एवढा की तो गेल्यानंतर शंभरावर वर्षांनीही अश्शूरचे लेखनिक त्या देशाचा उल्लेख ‘ओम्रीचं घराणं’ असा करत. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकात या पराक्रमी माणसाच्या कारकिर्दीला किती जागा मिळाली असेल? सहा वचनं. त्यातही शोमरोनची टेकडी त्याने दोन किक्कार रुप्याला विकत घेतली हा व्यवहार नोंदवलाय, आणि लगेच शेरा: याने परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं. दुसरा यराबाम ४१ वर्षं गादीवर होता, त्याने राज्याच्या जुन्या सीमा परत मिळवल्या. त्याची बोळवण सात वचनांत झाली. मात्र नाबोथ नावाच्या एका साध्या माणसाचा द्राक्षमळा राजाने कसा बळकावला, हे सांगायला अख्खा एक अध्याय खर्ची पडलाय.

राजांची ही पुस्तकं वाचायला घेताना हे प्रमाण ध्यानात ठेवावं. लिहिणाऱ्यांची खातेवही वेगळी आहे. किती मुलूख जिंकला, किती बांधलं, तिजोरीत किती शिल्लक होती, हे ते सांगतात, पण हातचं राखून. त्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं: या राजासमोर उभं राहून कुणी ‘हे चुकतंय’ म्हणालं, तेव्हा याने काय केलं? राजाची श्रद्धा ते तिथे तपासतात. त्याने किती बैल अर्पण केले, यावर ती ठरत नाही.

तुम्ही मंडळीच्या पंचकमिटीवर असाल, एखाद्या ट्रस्टचे विश्वस्त असाल, शाळेच्या मुख्याध्यापिका असाल, बचतगट चालवत असाल किंवा कुणाच्या आग्रहाखातर सोसायटीचे चेअरमन झाला असाल, तर या राजांच्या गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. मात्र त्यातून यशाची सूत्रं काढायला जाऊ नका. बहुतेक राजे नापास झालेत, आणि जे पास झाले तेही शेवटच्या पेपरात अडखळले. तरी कुठे अडखळले ते नीट पाहिलं तर आपल्या खुर्चीचं बरंच काही कळतं.

मुळात राजा असावा का, यावरच बायबलमध्ये वाद आहे. लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला येतात, तेव्हा तो त्यांना आधी खर्च सांगतो: तुमची पोरं रथांपुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला आणि अत्तरं करायला नेईल, चांगली शेतं काढून घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. लोक तरीही हट्ट सोडत नाहीत. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठीचे नियम आहेत, तेही बघण्यासारखे आहेत. त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. आणि गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर रोज वाचावी. का? तर आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण वरचढ आहोत असं त्याच्या मनाने घेऊ नये म्हणून. त्या काळातल्या राजाकडून ही अपेक्षा म्हणजे कमालच आहे. मिसरच्या फारोचा शब्द हाच कायदा होता. इथे राजालाच कायद्याखाली बसवलंय.

शलमोन राजाने हे तिन्ही नियम मोडले. गिबोनात देवाने ‘काय हवं ते माग’ म्हटल्यावर त्याने संपत्ती मागितली नाही, दीर्घायुष्य मागितलं नाही. न्याय करण्यासाठी ऐकणारं मन मागितलं. इतकी सुंदर सुरुवात कुणाचीच नाही. पुढे ‘१ राजे’ पुस्तकातच हिशेब येतो: मिसरहून आणलेले घोडे, १,४०० रथ, वर्षाला ६६६ किक्कार सोनं, ७०० राण्या, ३०० उपपत्नी. मंदिर बांधायला सात वर्षं लागली, स्वतःच्या वाड्याला तेरा. लेखक शेजारी शेजारी दोन आकडे ठेवतो आणि पुढे जातो. लबानोनात लाकूड तोडायला ३०,००० माणसं वेठीला धरली होती, दर महिन्याला दहा हजारांची पाळी. शहाणपण मागणाऱ्या माणसाला त्या वेठबिगारीबद्दल तोंडावर कुणी बोलल्याची नोंद मला तरी सापडत नाही. दाविदाजवळ त्याला टोकणारा नाथान संदेष्टा होता. शलमोनाच्या भर वैभवाच्या काळात तसा कुणी दिसत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: पद घेतल्याबरोबर, कौतुक चालू असतानाच, तुम्हाला टोकू शकेल असं माणूस ठरवा. अडचण आल्यावर असं माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण तोवर सगळे तुमच्या सवयीचे झालेले असतात.

शौलाकडे असा माणूस होता, शमुवेल, आणि तरीही त्याचा उपयोग झाला नाही. शौल मुळात लाजाळू. राजा निवडला गेला त्या दिवशी सामानाच्या ढिगाऱ्यात लपून बसलेला. तोच माणूस पुढे कर्मेलात स्वतःच्या विजयाचं स्मारक उभारतो. अमालेकी लोकांविरुद्धच्या लढाईचा तो प्रसंग आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो, आणि करायलाच हवा. एका अख्ख्या जमातीच्या संहाराची आज्ञा पचवून टाकण्यासारखी नाही. तो प्रश्न या लेखात सुटणार नाही. मी इथे बघतो ते शौलाचं बोलणं. शमुवेल विचारतो, ही मेंढरं का ओरडताहेत? शौल म्हणतो, लोकांनी आणली, देवाला अर्पण करायला आणली. पुन्हा विचारल्यावर: मी तर आज्ञा पाळली, लूट लोकांनी घेतली. तिसऱ्यांदा कबुली येते, तीही अशी: मी पाप केलं, कारण मला लोकांची भीती वाटली. आणि या सगळ्याच्या शेवटी त्याची विनंती काय, तर वडीलजनांपुढे माझा मान राखा, माझ्याबरोबर चला. कबुलीच्या क्षणीही त्याला चिंता फोटोत कसं दिसेल याचीच.

बैठकीत चूक दाखवली गेली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं येतं, त्याचा कर्ता कोण असतो, हे एकदा लक्ष देऊन ऐका. ‘कमिटीनं ठरवलं होतं’, ‘ऑफिसकडून राहून गेलं’, ‘लोकांचा आग्रह होता’. शौलाची सगळी वाक्यं याच साच्याची आहेत.

दाविदाच्या चुका शौलापेक्षा मोठ्या होत्या, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. बथशेबेचं प्रकरण आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, लढाईच्या आघाडीवर घडवून आणलेला मृत्यू, याला चूक म्हणणंही सौम्य आहे. मग या पुस्तकांत दाविदाला एवढं मोठं स्थान का? एक कारण असं की दाविदाला थांबवता येत होतं. नाबाल नावाच्या एका श्रीमंत मेंढपाळाने त्याच्या माणसांचा अपमान केला, तेव्हा दावीद ४०० माणसं घेऊन त्याच्या घरातला एकूण एक पुरुष कापायला निघाला होता. वाटेत नाबालाची बायको अबीगईल गाढवावरून उतरून त्याला आडवी आली. बरोबर भाकरी, द्राक्षारस, खिसमिसाचे घड आणि अंजिरांच्या ढेपा. ती जे बोलली त्याचा आशय असा: उद्या तुम्ही राजा व्हाल, तेव्हा हे विनाकारण सांडलेलं रक्त तुमच्या मनाला खुपेल. एक अनोळखी बाई, शत्रूची बायको, भर रस्त्यात सशस्त्र टोळीच्या म्होरक्याला शहाणपण शिकवते. आणि दावीद तिचे आभार मानून मागे फिरतो. पुढे नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगून त्याला कोंडीत पकडलं, तेव्हाही त्याचं उत्तर अगदी छोटं आहे. त्यात ‘पण’ नाही, ‘लोक’ नाहीत.

दाविदाबद्दल आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण प्रवचनांत तो फारसा येत नाही. सिकलाग हे त्याच्या माणसांचं गाव. ते बाहेर असताना अमालेक्यांनी गाव जाळलं आणि बायकापोरं पळवून नेली. परतलेली माणसं रडून रडून थकली, आणि मग दाविदालाच दगडमार करावा असं बोलू लागली. त्याच्याही दोन बायका त्या लुटीत गेल्या होत्या. तिथे एक वाक्य येतं की दाविदाने आपल्या देवाच्या ठायी बळ धरलं. त्यानंतर तो लगेच याजकाला बोलावतो, पाठलाग करावा का हे देवाला विचारतो आणि निघतो. सहाशेंपैकी दोनशे माणसं बसोर ओढ्यापाशी इतकी गळाली की त्यांना ओढा ओलांडता येईना. ती सामानाजवळ थांबली. चारशे पुढे गेली, सगळं परत मिळवून आली. आणि मग त्यातले काही म्हणू लागले, हे आले नाहीत, यांना लुटीतलं काही देऊ नका. बायकापोरं घ्या म्हणावं आणि चालू लागा.

हा वाद कुठल्याही संस्थेत होतो. कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर दिसलेले एकीकडे, आणि मागे खुर्च्या मोजणारे, आजारपणामुळे येऊ न शकलेले, वय झालेले दुसरीकडे. दाविदाने निकाल दिला: लढाईला जाणाऱ्याचा वाटा आणि सामानाजवळ थांबणाऱ्याचा वाटा सारखाच. त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. हे आपण मिळवलेलं नाही, परमेश्वराने दिलेलं आहे. मग ते रोखून ठेवणारे आपण कोण? श्रद्धा आणि व्यवस्थापन हे दोन वेगळे कप्पे नाहीत, हे इतकं सरळ दुसरीकडे क्वचित दिसतं. पुढे हा इस्राएलात नियमच होऊन बसला. तुमच्या अहवालात आभाराची यादी करताना ओढ्याकाठच्या दोनशेंची नावं आधी लिहा.

शलमोनाचा मुलगा रहबाम. त्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण ती चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते. लोक शखेमात जमून म्हणाले, तुमच्या वडिलांनी आमच्यावर जड जू लादलं, ते हलकं करा, आम्ही तुमची सेवा करू. रहबामाने तीन दिवस मागितले. म्हाताऱ्यांनी सांगितलं, आज नमतं घ्या, लोक कायमचे तुमचे होतील. तरुणांनी सांगितलं, अजून कडक बोला. त्याने तरुणांचं ऐकलं, आणि दहा वंश फुटून निघाले. हे ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमाराचं. यावरून ‘तरुणांचं ऐकू नये’ असा बोध सांगायची रीत आहे. गंमत अशी की गादीवर आला तेव्हा रहबाम स्वतः ४१ वर्षांचा होता. मुद्दा वयाचा नव्हताच. ते ‘तरुण’ म्हणजे त्याच्याबरोबर वाढलेले, त्याच्याच वाड्यात जेवलेखाल्लेले. त्यांना जू कधी मानेवर घ्यावं लागलं नव्हतं. त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता, आणि तो कुठे मिळेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

त्याहून मोठी चूक त्याने नंतर केली. लोक बिथरल्यावर बोलणी करायला त्याने कुणाला पाठवलं, तर अदोरामाला, म्हणजे वेठबिगारीवरच्या मुकादमालाच! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि राजा रथात बसून यरुशलेमाला पळाला. तक्रार ज्याच्या विरुद्ध आहे, त्यालाच तक्रार मिटवायला पाठवणारे आजही कमी नाहीत. वसुलीवरून रागावलेल्या सभासदाकडे वसुली करणाऱ्यालाच पाठवू नका. दुसरं कुणी पाठवा, नाहीतर स्वतः जा.

आता पैशांबद्दल, कारण धार्मिक संस्थांत श्रद्धेची परीक्षा बहुतेक वेळा तिथेच होते. ‘२ राजे’ पुस्तकाचा बारावा अध्याय प्रत्येक खजिनदाराने वाचावा. राजा योवाश सात वर्षांचा असताना गादीवर आला. यहोयादा याजकाने त्याला वाढवलं होतं. मोठा झाल्यावर योवाशाने हुकूम काढला की मंदिरात येणाऱ्या पैशातून याजकांनी इमारतीची डागडुजी करावी. तेविसावं वर्ष उजाडलं तरी एक भेग बुजली नव्हती. कुणी पैसे खाल्ले असं लिहिलेलं नाही. तो पैसा याजक आपापल्या ओळखीच्या लोकांकडून घेत आणि तो कुणाच्या तरी हाताखाली मुरत असे, बस. सगळ्या संस्थांमध्ये पैसा बहुधा असाच जिरतो. त्याला चोर लागतोच असं नाही.

राजाने याजकांना बोलावून विचारलं आणि पद्धत बदलली. यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. दारावरचे याजक आलेला पैसा तिच्यात टाकत. पेटीत बराच पैसा जमला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येत, मोजत, थैल्यांत बांधत. मग तो पैसा कामावर देखरेख करणाऱ्यांकडे जाई, आणि ते सुतार, गवंडी, पाथरवट यांना देत, लाकूड आणि घडीव दगड घेत. त्या पैशातून चांदीची भांडी, कातरी, कटोरे, कर्णे काही करायचं नाही, हेही स्पष्ट. दोषार्पणाचा पैसा मात्र याजकांचाच राहिला. तो या पेटीत मिसळला नाही.

एकेक गोष्ट बघा. पेटी सगळ्यांना दिसेल अशी. मोजणी दोघांची, आणि ते दोघे वेगवेगळ्या सत्तेची माणसं: एक दरबाराचा, एक मंदिराचा. एकाच घरातले दोन जण सह्या करतात तेव्हा ती खरं तर एकच सही असते. निधी ज्या कामाचा त्याच कामाला. छपरासाठी जमवलेल्या पैशातून साउंड सिस्टिम घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळत असली तरी. याजकांच्या हक्काचं त्यांना वेगळं, म्हणजे त्यांनाही हेराफेरीचा मोह नको. याच अध्यायात एक वाक्य आहे की कामावरच्या माणसांकडून हिशेब मागत नसत, कारण ती सचोटीने वागत. हे वाक्य पुढे करून हिशेब टाळणारे भेटतात. त्यांना सांगावं की पैसा तिथवर पोचण्याआधी दोघांनी मोजून, बांधून झाला होता. भरवसा ठेवायला जागा होती, कारण आधीची कडी पक्की होती.

योवाशाचा शेवट वाईट आहे. यहोयादा गेला, सरदार येऊन मुजरे करू लागले, आणि राजा त्यांचं ऐकू लागला. यहोयादाचाच मुलगा जखऱ्या याने लोकांना खडसावलं, तेव्हा राजाच्या आज्ञेने त्याला मंदिराच्या अंगणात दगडमार झाला. त्याच मंदिराच्या अंगणात, ज्याच्या भेगा याच राजाने बुजवल्या होत्या. एका वडीलधाऱ्याच्या सावलीत उभी राहिलेली श्रद्धा सावलीबरोबर गेली. तुम्ही कुणाला हाताशी धरून तयार करत असाल, तर त्याला फक्त तुमचं ऐकायची सवय लावू नका.

उज्जीयाचं थोडक्यात. ५२ वर्षं राज्य, बुरूज, हौद, शेतीची आवड, तटावर बाण आणि धोंडे फेकणारी यंत्रं. बळ वाढलं तसं त्याला वाटलं की धूप जाळायचं याजकांचं कामही आपण करावं. अजऱ्या आणि त्याच्याबरोबरच्या ८० याजकांनी त्याला मंदिरात अडवलं. तो संतापला आणि तिथेच कपाळावर कोड उठलं, असं इतिहासकार सांगतो. उरलेलं आयुष्य वेगळ्या घरात गेलं. मला यात ऐंशी जणांचं कौतुक वाटतं. एकट्याने अडवायला गेलं तर माणूस चिरडला जातो. त्या दिवशी ते एकत्र गेले.

यहूदाचा राजा हिज्कीया याच्यावर थोडं थांबतो. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखात ४६ तटबंदीची नगरं घेतल्याचा दावा आहे, आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडल्याची फुशारकीही. लाखीश नगराच्या पाडावाची शिल्पं त्याने निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हिज्कीयाने आधी खंडणी देऊन बघितली, ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं. मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा त्यासाठी सोलून काढलं. फौज तरीही आली. अश्शूरचा सरदार तटाखाली उभा राहून यहूद्यांच्या भाषेत ओरडू लागला. राजाच्या माणसांनी विनवलं, अरामी भाषेत बोला, आम्हाला कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाऊ देऊ नका. तो आणखी मोठ्याने बोलू लागला. तुमचा राजा तुम्हाला फसवतोय, तुमचा देव काही करणार नाही. लोक गप्प राहिले, कारण राजाने उत्तर द्यायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटतं तेव्हा ही आज्ञा आठवावी.

मग धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे ते पत्र पसरून ठेवलं. मग प्रार्थना केली. तिच्यात त्याने परिस्थिती सौम्य करून सांगितली नाही. अश्शूरच्या राजांनी देशच्या देश उजाड केलेत, हे खरं आहे, असं तो म्हणतो. पण त्याच माणसाने त्याआधी तट दुरुस्त केले होते, ढाली आणि शस्त्रं घडवली होती आणि गावाबाहेरच्या झऱ्याचं पाणी आत आणायची सोय केली होती. गीहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदलेला सुमारे ५३३ मीटरचा बोगदा आजही यरुशलेमात आहे, आणि तो त्याच्या काळचा मानला जातो. दोन तुकड्या दोन टोकांनी खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. १८८० मध्ये त्या बोगद्याच्या भिंतीवर एक शिलालेख सापडला. आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात पाथरवटांना एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, टिकाव टिकावाला कसे भिडले, हे सांगितलंय. सापडलेल्या मजकुरात राजाचं नाव नाही. आपल्याकडे पाच हजारांचा बाक दिला तरी त्यावर देणाऱ्याचं नाव रंगवतात!

प्रार्थना करायची म्हणजे खणायचं नाही, किंवा खणलं म्हणजे विश्वास कमी पडला, असा वाद काही मंडळ्यांत चालतो. हिज्कीयाला तो वाद कळला नसता. संकटात सापडलेल्या संस्थेसाठी मी एवढंच सुचवतो: प्रार्थनेला बसताना कागद समोर ठेवा. खरा ताळेबंद, खरी नोटीस, खरं थकीत पगारांचं पत्रक. मोघम प्रार्थनेमागे बहुतेक वेळा न उघडलेलं पाकीट असतं.

हाच हिज्कीया पुढे घसरला, तोही सुखात. आजारातून उठल्यावर बाबेलचे वकील भेटी घेऊन आले. त्याने हुरळून जाऊन सगळं भांडार दाखवलं: सोनं, रुपं, मसाले, शस्त्रागार. यशया संदेष्ट्याने येऊन विचारलं, ती माणसं काय म्हणाली, कुठून आली, काय काय पाहिलं? हे सगळं एक दिवस बाबेलात जाईल, तुझे वंशजही जातील, असं त्याने बजावलं. हिज्कीयाचं उत्तर वरवर नम्र आहे. आत समाधान आहे की माझ्या हयातीत तर शांती राहील. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या अनेक चांगल्या माणसांच्या तोंडी हे ऐकू येतं. कर्ज पुढची कमिटी फेडेल.

शेवटी बापलेकांची एक जोडी. योशीयाच्या अठराव्या वर्षी, ख्रिस्तपूर्व ६२२ मध्ये, मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं. शाफान चिटणीसाने ते राजाला वाचून दाखवलं. ऐकताच राजाने आपली वस्त्रं फाडली आणि मुख्य याजकासह पाच मातब्बर माणसं हुल्दा संदेष्ट्रीकडे पाठवली. यिर्मया तेव्हा पाच वर्षांपासून संदेश देत होता, तरी ते एका बाईकडे गेले, आणि तिने राजाला गोड वाटेल असं काही सांगितलं नाही. बायकांनी मंडळीत बोलावं का, यावर अजून ठराव करणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

अठरा वर्षांनी त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर होता. मजुरी न देता वाडा बांधून घेणारा, खिडक्या मोठ्या, गंधसरूची तक्तपोशी. यिर्मयाने सांगितलेलं बारूखाने शाईने गुंडाळीवर लिहून काढलं. नवव्या महिन्यातली थंडी, राजा हिवाळी महालात, समोर शेगडी. यहूदी नावाचा सेवक वाचू लागला. तीन-चार रकाने झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळेपर्यंत. तिघांनी जाळू नका म्हणून विनवलं. त्यातला एक गमऱ्या, त्याच शाफानाचा मुलगा. यिर्मयाने पुन्हा बारूखाला बसवलं, सगळं पुन्हा लिहून घेतलं आणि वर भर घातली.

या प्रसंगात मला आगीपेक्षा आधीची एक नोंद जास्त बोलकी वाटते. अधिकाऱ्यांनी मजकूर ऐकला, घाबरले, राजाला सांगावंच लागेल असं ठरलं. पण राजाकडे जाण्याआधी त्यांनी बारूखाला बजावलं: तू आणि यिर्मया आधी लपा, कुठे आहात ते कुणाला कळू देऊ नका. तुमच्याकडे वाईट बातमी आणणारी माणसं, ती देण्याआधी कुणाला तरी लपवत असतील, तर तुमच्या खुर्चीबद्दल कळायचं ते कळलं. ‘सर, नाव नका विचारू’ असं वाक्य वर्षभरात किती वेळा कानावर आलं, ते आठवून बघा.

पंचकमिटीने किंवा विश्वस्तांनी हे एकत्र वाचायचं ठरवलं तर आरंभापासून सुरू करू नका, वंशावळ्यांत अडकाल. पहिल्या बैठकीत ‘२ राजे’चा बारावा अध्याय घ्या, आणि त्याच दिवशी आपली पेटी कोण उघडतं, मोजणीला कोण बसतं, हे इतिवृत्तात लिहून काढा. दुसऱ्या बैठकीत ‘१ शमुवेल’चे पंचविसावा आणि तिसावा हे अध्याय, तिसऱ्यात ‘१ राजे’चा बारावा, चौथ्यात यिर्मयाचा छत्तिसावा. दोन बैठकांत महिन्याचं अंतर असू द्या, म्हणजे ठरवलेलं काही झालं का ते पुढच्या वेळी विचारता येईल. वाचन सगळ्यांत नव्या सभासदाने करावं. अध्यक्षांनी शेवटी बोलावं, आणि तेही कुणी प्रश्न विचारला तर.